यंत्रस्तुती आणि काकु : 'आविआदोर द्रो'चा आरंभकाळ

फ्रांकोचा मृत्यू १९७५ मध्ये झाला आणि १९७८ मध्ये स्पेनने लोकशाही संविधान स्वीकारले. त्यानंतरच्या माद्रिदमध्ये संगीत, चित्रपट, चित्रकथा अशा क्षेत्रांत तरुणांची जी खळबळ दिसू लागली तिला 'मोविदा' म्हटले जाते. दडपलेल्या इच्छांचा उत्सव असे तिचे रूढ वर्णन आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेला 'एल आविआदोर द्रो इ सुस ओब्रेरोस एस्पेसिआलिसादोस', म्हणजे 'वैमानिक द्रो आणि त्याचे कुशल कामगार', हा गट मात्र या वर्णनात बसत नाही. मुक्त देहाऐवजी तो गणवेश पुढे करतो आणि व्यक्तिनामाऐवजी सांकेतिक नाव. गटाचा प्रमुख सेर्वांदो कार्बायार 'बिओवाक एन' या नावाने वावरतो. पंकमधील गिटारची जागा येथे सिंथेसायझर घेतो. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या समाजात शिस्तीचे आणि यंत्राचे हे गुणगान कसे वाचावे, हा येथील प्रश्न आहे.

गटाचे नाव हीच त्याची पहिली संहिता होय. ते भविष्यवादी संगीतकार फ्रान्चेस्को बालिल्ला प्रातेल्ला याच्या 'लाव्हिआतोरे द्रो' या ऑपेरावरून घेतलेले आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी रचला गेलेला हा ऑपेरा १९२० मध्ये लुगो येथे रंगमंचावर आला. भविष्यवाद माद्रिदला अपरिचित नव्हता. रामोन गोमेस दे ला सेर्नाने मारिनेत्तीचा जाहीरनामा १९०९ मध्येच 'प्रोमेतेओ' या नियतकालिकात स्पॅनिशमध्ये छापला होता. परंतु १९०९ आणि १९७९ यांच्यामध्ये मारिनेत्तीचे मुसोलिनीशी झालेले सख्य आहे आणि स्पेनमधील प्रदीर्घ हुकूमशाहीही आहे. वेग, यंत्र, शिस्त या शब्दांची निरागसता तोवर संपलेली होती.

अशा वेळी दोन वाचने चटकन सुचतात. एक म्हणजे हे सारे विडंबन आहे; दुसरे म्हणजे ही तंत्रज्ञानावरील खरीखुरी भक्ती आहे. परस्परविरोधी वाटली तरी दोन्ही वाचने एकच गोष्ट गृहीत धरतात : वक्त्याचा अभिप्राय आवाजातून कळतो. हे गृहीतक तपासण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील 'काकु' ही संकल्पना उपयोगी पडते. स्वराच्या वळणाने वाक्याचा अर्थ उलटतो, म्हणून रुद्रटाने काकुवक्रोक्तीला अलंकार मानले. काकु हा पाठाचा धर्म आहे, तो अलंकार कसा ठरेल, असा आक्षेप राजशेखराने घेतला. हा आक्षेप येथे कळीचा ठरतो. वक्रता जर उच्चारात राहत असेल, तर उच्चारच सपाट केल्यावर ती कोठे जाते?

'आविआदोर द्रो'ने आरंभकाळात नेमके हेच केले. शब्द घोषणेसारखे, आवाज उद्घोषकासारखा, ताल यंत्राचा. १९८२ मधील 'नुक्लेआर, सी', म्हणजे 'अणुऊर्जा, होय', हे गीत त्याचा ठळक नमुना आहे. डेन्मार्कमध्ये १९७५ साली जन्मलेले हसऱ्या सूर्याचे अणुविरोधी बोधचिन्ह तेव्हा युरोपभर पसरले होते. बास्क प्रदेशातील लेमोनिस प्रकल्पाविरुद्ध जनआंदोलन होते. त्याच प्रकल्पाच्या अभियंत्याची 'एता' या संघटनेने अपहरण करून फेब्रुवारी १९८१ मध्ये हत्या केली होती. त्या वातावरणात 'होय' म्हणणे हा हलका विनोद नव्हता. तरीही गायक डोळा मिचकावत नाही. काकु पाठातून काढून घेतली की ती श्रोत्याला स्वतः पुरवावी लागते. 'नो-दो' हे सरकारी वार्तापट १९४३ पासून चित्रपटगृहांत अनेक दशके सक्तीने पाहिलेल्या समाजाला अधिकृत आवाजाखालचा अर्थ शोधण्याची सवय होतीच. हा गट त्या सवयीला आवाहन करतो, पण उत्तराची हमी देत नाही.

१९८० मधील फूट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आर्तुरो लान्स, गाब्रिएल रिआसा आणि हुआन कार्लोस सास्त्रे यांनी बाहेर पडून 'एस्प्लेंदोर खेओमेत्रिको' हा गट काढला. हे नावही मारिनेत्तीच्या १९१४ मधील जाहीरनाम्यातून आलेले. तेथे यंत्राचा आघात हाच आशय झाला आणि मानवी आवाज इतर ध्वनींपैकी एक उरला. नादाच्या पातळीवर ही भूमिका अधिक सुसंगत आहे. मात्र वक्रतेला विधान लागते; विधानच विरघळले की होकार-नकाराचा पेचही विरघळतो. मूळ गटाने शब्द राखला आणि त्यासोबत गैरसमजाचा धोकाही राखला.

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. निर्णय श्रोत्यावर सोडणारी कला स्वतः जबाबदारीतून निसटू शकते, आणि गणवेश पाहता पाहता फॅशन होतो. परंतु एका ठिकाणी रूपक प्रत्यक्षात उतरले. मोठ्या कंपनीचा आसरा सुटल्यावर गटाने १९८२ मध्ये 'दिस्कोस रादिओआक्तिवोस ओर्गानिसादोस' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था उभारली; तिची आद्याक्षरे 'द्रो' अशीच होतात. 'कुशल कामगार' उत्पादनसाधनांचे मालक झाले. पंकमधील स्वावलंबनाचे तत्त्व येथे सिंथेसायझरइतकेच महत्त्वाचे आहे. नव्वदच्या दशकात ही संस्था वॉर्नर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली, याने त्या कृतीचे मोल कमी होत नाही. तिची ऐतिहासिक मर्यादा तेवढी कळते.

म्हणून 'आविआदोर द्रो'च्या यंत्रस्तुतीला विडंबन म्हणून निर्धोक करणे किंवा भक्ती म्हणून दोषी ठरवणे, दोन्ही अपुरे आहे. आज्ञा ऐकण्याची सवय लागलेल्या समाजाला तिने आज्ञेच्याच स्वरात असे वाक्य ऐकवले, ज्याचा अर्थ ऐकणाऱ्याला स्वतःच ठरवावा लागतो. समीक्षेने तो निर्णय श्रोत्याच्या वतीने उरकून टाकला, तर या गीतांचे सामर्थ्यच हरवेल.