विमान सापडलं, पण कोणी पाडलं?

पुरावा आणि आठवण यांत फरक काय, असं मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं. व्याख्या सांगण्याऐवजी एक प्रकरण तपासून बघू. 'द लिटल प्रिन्स' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्याचा लेखक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकामधल्या बोर्गोहून दक्षिण फ्रान्सवर टेहळणीच्या उड्डाणाला गेला आणि परतला नाही. विमान होतं एफ-५बी, म्हणजे लॉकहीड पी-३८चं फोटो काढणारं रूप. त्यात तोफांच्या जागी कॅमेरे होते.

१९९८ मध्ये जाँ-क्लोद ब्यांको या मच्छीमाराच्या जाळ्यात मार्सेयजवळ चांदीचं ब्रेसलेट आलं. त्यावर लेखकाचं नाव, बायको कोन्सुएलोचं नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचं नाव. लोकांनी ब्यांकोलाच खोटं ठरवायला सुरुवात केली. शंका घेणं चुकीचं नव्हतं, कारण ब्रेसलेट ही हलणारी वस्तू आहे. ती समुद्रात कशी, कधी गेली हे ती स्वतः सांगत नाही.

२००० मध्ये पाणबुड्या लुक व्हानरेल याने रियू बेटाजवळ समुद्रतळावर विमानाचे तुकडे असल्याचं जाहीर केलं. २००३ मध्ये काही भाग वर काढले गेले आणि एका तुकड्यावर '२७३४ एल' हा आकडा मिळाला. हा लॉकहीडच्या कारखान्यातला क्रमांक. तो सैन्याच्या ४२-६८२२३ या क्रमांकाशी जुळला, आणि हेच विमान घेऊन तो त्या दिवशी निघाला होता. २००४ मध्ये ओळख अधिकृतपणे जाहीर झाली.

इथे जरा थांबा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, आणि वर्तमानपत्रांनी त्याला दोन ओळी दिल्या. हा आकडा कारखान्यात पडला तेव्हा या अपघाताची कोणाला कल्पनाही नव्हती. उड्डाणाची नोंद वेगळ्या लोकांनी, वेगळ्या कामासाठी केली. एकमेकांची माहिती नसलेले दोन कागद जुळतात, म्हणून पुरावा भक्कम होतो. त्याच परिसरात एका जर्मन विमानाचं इंजिनही मिळालं. म्हणजे 'शेजारी सापडलं म्हणून एकाच घटनेचं' हे गृहीत धरता येत नाही. क्रमांक नसता तर आपण नुसत्या अंदाजावर राहिलो असतो.

आता २००८. होर्स्ट रिपर्ट या माजी जर्मन वैमानिकाने सांगितलं की ते विमान मी पाडलं. आपण या लेखकाचे वाचक होतो, आत कोण आहे हे माहीत असतं तर गोळी झाडली नसती, असंही तो म्हणाला. ऐकताना गलबलून येतं. जगभर मथळे झाले: 'गूढ उकललं'.

माझा आक्षेप या 'उकललं'वर आहे. त्याच्या दाव्याला आधार देणारी त्या काळातली नोंद पुढे आलेली नाही. साक्ष आली ती साठ वर्षं उलटल्यावर, आणि विमान कुठे पडलंय हे जगजाहीर झाल्यावर. त्यामुळे त्याने सांगितलेला परिसर जुळतो, याला स्वतंत्र पुष्टी म्हणता येत नाही. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका भरण्यासारखंच ते. आणखी एका जर्मन वैमानिकाच्या नावावरही असाच दावा पूर्वी छापून आला होता. त्याच्या खरेपणावर शंका घेतल्या गेल्या.

पण विरोधकांचा एक मुद्दाही मला पटत नाही. अवशेषांवर गोळ्यांच्या खुणा नाहीत, म्हणून रिपर्ट खोटा, असं काही जण म्हणतात. अहो, विमानाचा थोडाच भाग हाती आलाय! न मिळालेल्या पंखाबद्दल मिळालेला तुकडा काय सांगणार? गोळी, ऑक्सिजनचा बिघाड, वैमानिकाची चूक, यांपैकी कशाचाही निकाल ते तुकडे देत नाहीत.

रिपर्ट खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने त्या भागात एखादं पी-३८ पाडलंही असेल. 'एखादं' आणि 'तेच' यांच्या मधलं अंतर मात्र त्याच्या पश्चात्तापाने भरलं गेलंय, नोंदीने नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये एका आजोबांच्या मुलाखतीवरून मी एका घटनेचं वर्ष 'सिद्ध' केलं होतं. गाइडनी तो शब्द खोडून वर 'सांगतात' लिहिलं. तेव्हा राग आला होता.

वैमानिकाची ओळख पटेल असे अवशेष त्या विमानात मिळालेले नाहीत. विमानाचे तुकडे पॅरिसजवळ ल बुर्जेच्या हवाई संग्रहालयात ठेवलेत. त्यांच्याबद्दल तुमच्या नोट्समध्ये 'ओळख पटली' लिहा. पुढचा रकाना रिकामा सोडा.