व्हिएन्नाच्या नगरगृहांवरील लेख

शिलालेख व ताम्रपट यांच्या वाचनांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस विसाव्या शतकांतील कामकरी वस्तीच्या भिंती संशोधनार्ह वाटूं नयेत, हें स्वाभाविक आहे. तथापि व्हिएन्नाच्या नगरसंस्थेनें १९१९ ते १९३४ या काळांत जीं साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडें बांधविलीं, त्यांतील अनेक वास्तूंच्या दर्शनी भागीं मोठ्या अक्षरांचा एक लेख आढळतो. त्याचा आशय इतकाच कीं, व्हिएन्ना नगरानें अमुक वर्षीं ही वास्तु गृहनिर्माणकराच्या उत्पन्नांतून उभारिली.

आमच्या ताम्रपटांत दाता, प्रतिग्रहीता, तिथि व चतुःसीमा हीं दिलेलीं असतात; पण दात्याजवळ द्रव्य कोठून आलें, हें क्वचितच सांगितलेलें असतें. येथें नेमकें तेंच सांगितलें आहे. हा कर १९२३ सालीं बसविण्यांत आला. ह्यूगो ब्राइटनर हे त्या वेळीं नगराचे अर्थकारभारी होते. घर जितकें भारी, तितका कराचा दर चढता, असें त्याचें धोरण होतें.

या वास्तूंवरील मुख्य आक्षेप, त्या गृहें नसून किल्ले आहेत, हा होय. कार्ल एह्न यांनीं रचिलेल्या व १९३० सालीं पुऱ्या झालेल्या कार्ल-मार्क्स-होफ या एक किलोमीटरहून लांब वास्तूवर तो विशेषेंकरून घेण्यांत आला, आणि फेब्रुवारी १९३४ च्या यादवींत तिजवर तोफाही डागल्या गेल्या. आमचे मतें हा आक्षेप नकाशा न पाहतां केलेला आहे. दर्शनी भाग बुरुजांसारखा दिसतो खरा. परंतु त्याखालील भव्य कमानींतून समोरच्या रेल्वेस्थानकाकडून येणारी गर्दी पलीकडे जाते. किल्ल्याचा दरवाजा अडविण्यासाठीं असतो, ही कमान वाट देण्यासाठीं आहे. आंत १३८२ बिऱ्हाडें असूनही जागेचा एकपंचमांशाहून कमी भाग इमारतीनें व्यापिला आहे. बाकी अंगण व बाग. दुकानें, धुलाईघरें, स्नानगृहें, बालवर्ग व ग्रंथालय यांचीही तेथेंच योजना केली होती. खरा दोष निराळाच आहे. खोल्या लहान, आणि बिऱ्हाडांत स्वतंत्र नहाणीघर नाहीं; दर्शनी भागाच्या थाटास आंतील सोय पुरी पडत नाहीं.

१९३४ नंतर या वास्तूचें नांव बदलण्यांत आलें आणि १९४५ सालीं पूर्वींचें नांव परत आलें. यावरून बोध असा कीं, केवळ नांवावरून किंवा आकृतीवरून वास्तूचा हेतु ठरवूं नये; लेख, नकाशा व हिशेब हे तिन्ही पाहावेत.

मुंबईंत १९२० नंतर सरकारी विकासखात्यानें बांधलेल्या चाळी आज पाडल्या जात आहेत. शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवरील एक रुपयाची जकात हें त्यांच्या द्रव्याचें एक साधन होतें. तेथील भाडेपावत्या, खोल्यांचे नकाशे व दुकानांच्या पाट्या आज रद्दींत जात असतील, तर जुन्या दप्तरांच्या संग्राहकांनीं त्या आतांच गोळा कराव्यात. भिंत पडल्यावर तिचा साक्षीदार कागदच उरतो.