मंडई नुसती बघून पीएच.डी. होते का?

कला आणि डिझाइनच्या कॉलेजात डॉक्टरेट म्हटली की लोक विचारतात, चित्रकाराला प्रबंध कशाला? माझा प्रश्न उलटा आहे: प्रबंधात चित्रकाराची नजर कुठे असते?

२०२३ साली मुंबईच्या जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येणार नाही. तसं संशोधन जे. जे.ला नवं नाही. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हाताने काढता काढता समजून घेणं, हीच त्यांची पद्धत.

आता पुण्याची मंडई घ्या. अष्टकोनी मनोरा, टोकदार कमानी. स्केचबुकात एवढंच उतरतं. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा नाव होतं रे मार्केट. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. आज इमारतीला नाव त्यांचंच आहे.

संशोधन इथून सुरू व्हावं. ओट्याची उंची कुणाच्या सोयीची? दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या मावशींच्या गुडघ्यांचा विचार कुठल्या आराखड्यात आहे? हे नुसतं ग्रंथालयात कळणार नाही. मोजा, चितारा, नवा ओटा बनवा, मावशींना त्यावर बसवून बघा. त्या ‘नको’ म्हणाल्या, तर तो नकारही प्रबंधात छापा.

फुल्यांचा आक्षेप डॉक्टरेटलाही लागू आहे: खर्च झाला, पण शिकलं कोण?