कृष्णद्रव्याचा शोध आणि आपली घाई

लडाखमधील हानले येथे, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'मेस' या गॅमा किरण दुर्बिणीचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. अशा दुर्बिणी आता कृष्णद्रव्य शोधून काढणार, असे विधान लोकप्रिय लेखनात सहज केले जाते. ते तपासून पाहायला हवे.

१९३३ साली झ्विकी यांनी अरुंधती केशमधील दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिकांचा वेग इतका होता, की दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र ठेवायला अपुरे पडत होते. आज अशा समूहांच्या वस्तुमानापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य मानले जाते. त्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर गॅमा किरण निघू शकतील. इथवर तर्क ठीक आहे.

अडचण पुढे आहे. समूहातील तप्त वायूवर विश्वकिरणांतील प्रोटॉन आदळले, तरी गॅमा किरण निघतात. ययाती समूहाच्या मध्यभागातील एनजीसी १२७५ ही दीर्घिका तर स्वतःच ते फेकते. तेव्हा किरण दिसले म्हणून कृष्णद्रव्य सापडले असे म्हणणे, म्हणजे धूर पाहून कोणाची चूल पेटली ते ठरवणे होय.

२०१२ मध्ये हेच घडले. फर्मी उपग्रहाच्या नोंदींत १३० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेजवळ थोडे जास्त किरण दिसले; आधी आकाशगंगेच्या केंद्राकडे, मग दीर्घिकासमूहांकडेही, असा दावा झाला. परंतु तसाच क्षीण उंचवटा पृथ्वीच्या कडेकडून येणाऱ्या किरणांतही आढळला. हे किरण वातावरणात तयार होतात. त्यांचा कृष्णद्रव्याशी संबंध नाही. साहजिकच संशय उपकरणाकडे वळला. २०१५ पर्यंत, वाढलेल्या निरीक्षणांत व सुधारित विश्लेषणात, तो उंचवटा जवळजवळ विरून गेला.

याउलट कॅनरी बेटांवरील 'मॅजिक' दुर्बिणींनी ययाती समूह सुमारे २०० तास न्याहाळला. संकेत मिळाला नाही. पण हे कण क्षय पावत असतील, तर त्यांचे सरासरी आयुष्य विश्वाच्या वयाच्या कोट्यवधी पट असले पाहिजे, ही मर्यादा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. लोकप्रिय लेखनात अशा नकाराला जागा मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

शिक्षकांनी अशी बातमी वर्गात जरूर वाचावी आणि विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत. हे किरण आणखी कशामुळे येऊ शकतील? आणि जिथे कृष्णद्रव्याचा संबंध नाही, तिकडे उपकरण वळवले तर काय दिसते?