रब्बी ज्वारीवरील खडखड्या रोग : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारी ही प्रामुख्याने काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर वाढते. फुलोऱ्यानंतर ओल तुटली व जमीन तापली, की ‘मॅक्रोफोमिना फॅजिओलिना’ ही बुरशी मुळांवाटे खोडात शिरते. खोड आतून पोकळ होऊन काळ्या कणांनी भरते आणि ताटे लोळतात. हाच ‘खडखड्या’ रोग होय.

या रोगाविषयीच्या विस्तार-साहित्याची मांडणी बहुधा लक्षणे, रोगकारक व उपाय अशा क्रमाने केली जाते. ही मांडणी सोयीची असली, तरी तीत बुरशी हेच एकमेव कारण ठरते. वस्तुतः बुरशीचे काळे कण जमिनीत व धसकटांत दीर्घकाळ टिकून असतात. पिकाला पाण्याचा ताण पडल्यावरच त्यांचे फावते. ज्वारीच्या बियाण्यास गंधक चोळण्याची शिफारस काणी रोगासाठी योग्य आहे. मात्र फुलोऱ्यानंतर मुळांवाटे येणाऱ्या खडखड्यास तिने आळा बसत नाही.

वाणांच्या मूल्यमापनाबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो. दाणे भरताना पाणी कमी पडले, तर कणीस खोडातील व मुळांतील अन्नसाठा ओढून घेते आणि अशक्त झालेली मुळे बुरशीस बळी पडतात. म्हणजेच केवळ धान्योत्पादनाची कसोटी पिकाचे बूड कमकुवत करू शकते. १९३० च्या दशकात मोहोळ येथे निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आजही टिकून आहे, ती भाकरीच्या चवीबरोबरच कडब्यामुळे. तिलाही या रोगापासून अभय नाही. परंतु लोळलेल्या ताटाबरोबर जनावरांची वैरणही जाते, ही हानी केवळ धान्याच्या क्विंटलमध्ये मोजता येत नाही.

या दृष्टीने हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ व भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ ही महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जमिनीच्या खोलीनुसार केलेली विभागणी अधिक वास्तवदर्शी वाटते. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन होत आहे. पेरणीपूर्वी १० × १० मीटरचे वाफे, वेळेवर कोळपणी, शक्य तेथे फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी, ही कामे ओल टिकवण्याची म्हणून सांगितली जातात; रोगनियंत्रणाच्या प्रकरणातही त्यांना अग्रस्थान मिळावयास हवे.

सारांश, वनस्पतिरोगशास्त्र व मृद्-जलसंधारण यांची स्वतंत्र प्रकरणे एकत्र वाचल्याखेरीज खडखड्याचे आकलन पूर्ण होणार नाही.