निबंध आणि प्रमाण : सातारा व मिरज येथील इतिहासलेखनावरून कांहीं विचार

अलीकडे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून गांवांचे, घराण्यांचे व देवस्थानांचे इतिहास पुष्कळ प्रसिद्ध होत आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु त्यांतील बरेचसे लेख वाचून झाल्यावर एक प्रश्न मागें उरतो: लेखकानें जें सांगितलें तें त्यास कशावरून समजलें? या प्रश्नाचें उत्तर लेखांत नसेल, तर भाषा कितीही प्रौढ असली तरी त्या लेखास निबंध म्हणण्यास आम्ही कचरतों.

निबंध या शब्दांत बांधणें हा अर्थ आहे. आमच्या धर्मशास्त्रांत कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूसारखे जे ग्रंथ निबंध म्हणून ओळखले जातात, त्यांत परस्परविरुद्ध वचनें एकत्र आणून, विरोधी पक्ष मांडून, मग निर्णय सांगण्याची रीत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं निबंधमाला सुरू केली, तेव्हांपासून या शब्दास नवें वळण लागलें. तथापि विधान, आधार, आक्षेप आणि निर्णय हीं चार अंगें जुन्या व नव्या दोन्ही अर्थांस समान आहेत. आधार व आक्षेप हीं दोन गळालीं कीं मागें केवळ वर्णन राहतें, किंवा स्तुति.

याचें उदाहरण साताऱ्यासच सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मल्हार रामराव चिटणीस यांनीं तेथें शिवछत्रपतींची बखर लिहिली. १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रांट डफनें तेथें जमविलेल्या कागदांचा उपयोग करून १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. दोघांनींही शिवजन्म १६२७ सालीं, म्हणजे शके १५४९ त, धरला आहे. पुढील अनेकांनीं तेंच वर्ष उचललें. वरवर पाहतां साक्षीदारांची गर्दी दिसते. परंतु एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असेल, तर दहा साक्षी मिळून एकच साक्ष होते. १९१६ सालीं जेधे शकावली छापून निघाली; तींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी मिति होती. शकावली एकटीच असती तर वाद मिटण्याजोगा नव्हता. पण शिवछत्रपतींच्या समकालीन परमानंदाच्या शिवभारतांतही तीच मिति आढळली. एक देशमुख घराण्यांतील टिपण, दुसरें संस्कृत काव्य. दोहोंचा हेतु वेगळा, वळण वेगळें. अशा स्वतंत्र दोन साक्षींचें वजन नकलेच्या दहा साक्षींहून अधिक. बखरकार खोटें बोलले, असें यावरून ठरत नाहीं. ते घटनेनंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं लिहीत होते, एवढेंच ठरतें.

ग्रांट डफचा ग्रंथ सर्वमान्य असतां नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें त्यावर टीकात्मक निबंध लिहून तो १८६७ सालीं पुण्यास वाचला. पुढें तो विविधज्ञानविस्तारांत प्रसिद्ध झाला. ग्रंथकाराच्या अधिकारास न दिपतां त्याचें विधान आधाराशीं ताडून पाहणें, हें काम विद्यार्थीही करूं शकतो, हें कीर्तन्यांनीं दाखविलें. टीका म्हणजे अधिक्षेप नव्हे. ती परीक्षा होय.

साताऱ्याहून मिरजेस आलें म्हणजे याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. वासुदेवशास्त्री खरे हे तेथें शाळेंत शिक्षक होते. पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें निवडून त्यांनीं १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह छापण्यास आरंभ केला. त्यांची पद्धति अशी कीं, आधीं प्रसंगाची हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगावयाची आणि मग मूळ पत्रें वाचकापुढें ठेवावयाचीं. यामुळें शास्त्रीबुवांचा निर्णय कोणता व कागदाची साक्ष कोणती, हें वाचकास वेगळें करतां येतें, आणि निर्णय न पटल्यास त्याच पत्रांवरून तो मोडतांही येतो. आमच्या मतें उत्तम निबंधाचें हेंच लक्षण आहे: स्वतःस खोडून काढण्याचें साधन तो वाचकाच्या हातीं देतो.

मात्र पत्र समकालीन आहे एवढ्यावरून तें निःपक्षपाती ठरत नाहीं. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईंत मराठी फौजेचें आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. त्यांच्या छावणींतून त्यांच्याच घरीं गेलेल्या पत्रांत त्यांची बाजू ठळक दिसणें स्वाभाविक आहे. तेव्हां पत्र कोणीं लिहिलें, कोणास लिहिलें आणि लिहिण्यांत त्याचा हेतु काय, हे तीन प्रश्न त्यासही विचारले पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल, इतकी कसोटी लाविली तर गांवच्या दंतकथेस स्थान उरणार नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. दंतकथा ही घटनेची साक्ष नसली तरी लोकांच्या स्मृतीची साक्ष आहे. ती दंतकथा म्हणूनच, कोणाच्या तोंडून व केव्हां ऐकली हें नमूद करून, लिहावी. दोष दंतकथेचा नव्हे. तिला कागदाचा वेष चढविणाऱ्याचा आहे. तसेंच आधार दिल्यानें लेख रुक्ष होतो, हा आक्षेपही टिकत नाहीं. खऱ्यांच्या हकीकती आजही गोडीनें वाचवतात.

या आग्रहास आणखी एक कारण आहे. २००५ व २०१९ सालीं कृष्णेच्या महापुराचें पाणी सांगलींत घराघरांत शिरलें. कागद भिजला, कुजला किंवा वाळवीनें खाल्ला, म्हणजे त्याचें पुनर्वाचन नाहीं. "आमच्या घरच्या जुन्या कागदांत असें आहे" एवढेंच लिहून जो लेखक थांबतो, त्याचें विधान कागद नाहींसा होतांच कायमचें निराधार होतें. तोच कागद मितीसह, जसाच्या तसा आणि कोणाच्या संग्रहीं आहे हें सांगून छापला, तर मूळ नष्ट झालें तरी साक्ष राहते. म्हणून या दोन जिल्ह्यांतील इतिहासलेखकांस आमची विनंति आहे: निर्णय थोडे सांगा, पण कागद पुरे द्या. आपला निर्णय उद्यां कोणी मोडील. कागद मात्र त्याच्याही उपयोगीं पडेल.