काँग्रेस रेडिओ: कोणी ऐकलं, कोणी लिहून ठेवलं?

माध्यमांच्या इतिहासावर संशोधन करू पाहणाऱ्यांनी उषा ठक्कर यांचं 'काँग्रेस रेडिओ' (2021) हे इंग्रजी पुस्तक जरूर वाचावं. पण वाचायचं कसं, हा खरा मुद्दा.

आधी थोडक्यात हकीकत. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला तो आपल्या वर्ध्यात. 8 ऑगस्टला मुंबईत 'छोडो भारत'वर शिक्कामोर्तब झालं, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळल्या गेल्या. अशा वेळी उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवला. राममनोहर लोहिया त्यामागे होते. 27 ऑगस्टला सुरू झालेला हा आवाज 12 नोव्हेंबरला पोलिसांनी बंद पाडला.

2024 च्या 'ऐ वतन मेरे वतन' या चित्रपटात यातलं धाडस दिसतं. पुस्तकाचं मोल वेगळं आहे, प्रक्षेपणांचा मजकूरच ते समोर ठेवतं. आता विचारा, हा मजकूर टिकला कसा? त्यातला बराचसा पोलिसांनी ऐकून उतरवून घेतला, खटल्यात पुरावा म्हणून. म्हणजे या रेडिओचा सगळ्यात मन लावून ऐकणारा श्रोता सरकारच होतं! त्यामुळे गुन्हा शोधणाऱ्या कानाला काय महत्त्वाचं वाटलं आणि काय निसटलं, हे प्रत्येक पानावर तपासावं लागतं.

दुसरी तपासणी तारखांची. आष्टी आणि चिमूरच्या बातम्या या रेडिओने दिल्या, असं उषा मेहतांनी सांगितलं आहे. आष्टी आपल्याच जिल्ह्यातली. तिथला उठाव 16 ऑगस्टचा, रेडिओ सुरू झाला 27 ला. म्हणजे बातमी किमान 11 दिवस शिळी. याने रेडिओचं महत्त्व कमी होत नाही, पण 'ताजी बातमी देणारं केंद्र' असं त्याचं वर्णन करता येत नाही. दडपलेली बातमी उशिरा का होईना, बाहेर काढणारं केंद्र, हे जास्त नेमकं.

मी विज्ञान शाखेतून आलेय, म्हणून तिसरी तपासणी लहरींची. 42.34 मीटर म्हणजे साधारण 7.1 मेगाहर्ट्झ, लघुलहरी. आयनांबरावरून परतून त्या मुंबईहून वर्ध्यापर्यंत येऊ शकतात. पण लहर पोचू शकते म्हणजे माणसांनी ऐकलं, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी गावात रेडिओ संच किती, वीज कुठे, ऐकण्याची हिंमत कोणात, हे शोधावं लागेल. शोधनिबंधात ही उडी फार जण मारतात.

माझा मोठा आक्षेप मात्र कौतुकाच्या भाषेवर आहे. याला 'स्वतंत्र रेडिओ' म्हणतात. सरकारपासून स्वतंत्र, हे कबूल. पण तो एका पक्षाचा आवाज होता. बातम्या, भाषणं, आवाहनं होती. नेत्याला समोर बसवून उलटा प्रश्न विचारणं हे त्याचं काम नव्हतं. युद्धकाळात तशी अपेक्षाही चुकीची ठरेल. पण लढणारा रेडिओ आणि प्रश्न विचारणारा रेडिओ यांत फरक आहे, आणि आपल्याला दुसरा कधी मिळालाच नाही.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. तरी 2006 च्या सामुदायिक रेडिओ धोरणात बातम्या आणि राजकीय कार्यक्रमांना मनाई आली. पेरणीचा सल्ला द्या, कापसाच्या भावावरून उमेदवाराला तासभर धारेवर धरू नका, असा त्याचा अर्थ. पुरोगामी विचारांच्या सविस्तर मुलाखती मग यूट्यूबवर आणि पॉडकास्टवर गेल्या. तिथे डेटा लागतो, आणि आपल्याला पटणारीच माणसं ऐकायची सवयही लागते.

गंमत बघा, 1942 च्या नोव्हेंबरात रेडिओ बंद पडला, त्याच सुमारास चिमूरच्या अत्याचारांसाठी सेवाग्रामच्या भन्साळींचं दीर्घ उपोषण सुरू झालं, आणि त्याच्या बातम्यांवरही बंदी आली. आवाज नेमका हवा होता तेव्हाच नव्हता.

तेव्हा विषय शोधत असाल, तर रेडिओने काय सांगितलं एवढ्यावर थांबू नका. आष्टीत, सेवाग्रामात ते कोणाच्या कानी पडलं, हे विचारा. तो कागद पोलिसांच्या फायलीत मिळणार नाही. त्यासाठी गावात जावं लागेल, आणि 1942 आठवणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.